मास्तरांना कोण शिकवतं?



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच घरांत ओळखीचा निघेल. इथल्या मराठी ओळखीपाळखीत एखादी तरी शिक्षिका असते. कुणाची बायको, कुणाची वहिनी, कुणाच्या समोरच्या फ्लॅटमधली ताई. लग्न होऊन दुबई-शारजाला आली, बी.एड.चं सर्टिफिकेट बॅगेत होतं, कागदपत्रांवर शिक्के मारून घेतले आणि इथल्या भारतीय शाळेत लागली. आता काही घरांत पुढची पिढी त्याच वाटेवर आहे. मुलगी बी.एड. करतेय, सराव पाठ घेतेय आणि रात्री अकरा वाजता जेवण बाजूला ठेवून उद्याच्या पाठाच्या स्लाइड बनवत बसलीय. आई म्हणते, "आमच्या वेळी एक तक्ता आणि खडू पुरायचा." मुलगी म्हणते, "आई, आता तसं नसतं."

खरं तर तसं कधीच नव्हतं. प्रत्येक पिढीच्या शिकाऊ शिक्षकापुढे एक नवं साधन येऊन पडलं आहे. कधी छापील पुस्तक, कधी टीव्हीचा डबा, कधी टॅबलेट. आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न उभा राहिला: मुलांना शिकवायला साधन आणलं, पण मास्तरांना ते शिकवायचं कुणी?

मी शिक्षक नाही. आयटी सल्लागार आहे, कंपन्यांमध्ये नवी सिस्टिम बसवून द्यायचं माझं काम. आमच्या धंद्यात बजेट कमी पडलं की पहिली कात्री कुठे लागते, हे तुमच्यापैकी आयटीवाल्यांना सांगायला नको. ती ट्रेनिंगला लागते. लायसन्सचे पैसे भरलेले असतात, सर्व्हर आलेला असतो, मग उरलेल्या पैशांत दोन तासांचा एक डेमो आणि सगळ्यांना एक पीडीएफ. शाळांचा इतिहास वाचताना मला हीच कात्री दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा दिसली, म्हणून हा लेख.

सुरुवात वाळूपासून करू. इथे राहून वाळूपासून सुरुवात केली तर कुणी हरकत घेणार नाही.

"अजून धुळाक्षरं गिरवतोय" असं आपण सहज म्हणतो. ही धूळ खरी होती. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर लिहायचं. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवून पुसायचं आणि पुन्हा काढायचं. कागद महाग, शाई महाग, धूळ फुकट. पंतोजी एक आणि मुलं वेगवेगळ्या वयांची. मग मोठं मूल धाकट्याचा हात धरून गिरवून घ्यायचं. आपल्या देशात बऱ्याच भागांत हीच रीत होती.

१७८९ साली मद्रासमध्ये एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. तिथे युरोपीय सैनिकांची मुलं शिकत. एकदा जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली. त्याला ते इतकं पटलं की परत येऊन त्याने आपल्या दुय्यम मास्तरांना सांगितलं, उद्यापासून मुळाक्षरं अशीच शिकवा. मास्तर म्हणाले, जमणार नाही. बेल हट्टाला पेटला. त्याने शाळेतलाच जॉन फ्रिस्केन नावाचा आठ वर्षांचा मुलगा, एका साध्या शिपायाचा पोर, उचलला आणि धाकट्यांचा वर्ग त्याच्या हाती दिला. त्या पोराने करून दाखवलं.

ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत 'मद्रास पद्धत' म्हणून येते. बेलने १७९७ साली लंडनमध्ये आपला अहवाल छापला, तिकडे जोसेफ लँकेस्टर नावाच्या माणसाने साधारण अशीच पद्धत चालवली, दोघांच्या पाठीराख्यांत कोण पहिला यावरून भांडण जुंपलं आणि हजारो गरीब मुलं या रीतीने शिकली. मला या गोष्टीतले ते नकार देणारे मास्तर जास्त आठवतात. त्यांना आळशी म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूने पाहा. काल संध्याकाळी साहेबांना काहीतरी दिसलं, आज सकाळी हुकूम आला. वाळू किती जाड पसरायची, अक्षर कुठून सुरू करायचं, वीस मुलांची वाळू एकाच वेळी कशी बघायची, हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. बेलने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मास्तरांना वळसा घालणं. 'शिक्षकाला जमत नसेल तर शिक्षकाशिवाय करू' हा मोह तेव्हापासूनचा आहे. आज ॲप विकणाऱ्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये तो पुन्हा भेटतो.

आता मुंबईला येऊ. १८२२ साली तिथे देशी मुलांच्या शाळांसाठी आणि पुस्तकांसाठी एक सोसायटी निघाली. तेव्हा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. सोसायटीने देशी शाळांची पाहणी केली आणि चार उणिवा लिहून काढल्या: पुस्तकं नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, शिकवणारी तयार माणसं नाहीत आणि पैसे नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीचा हा अहवाल आमच्या कुठल्याही प्रोजेक्टच्या पहिल्या स्लाइडवर चिकटवता येईल.

पण या मंडळींनी, विशेषतः सोसायटीचा सेक्रेटरी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने, एक शहाणपणा केला. पुस्तकं आणि मास्तर ही दोन्ही कामं त्यांनी एकत्र हाती घेतली. इकडे शिळाछापावर मराठी पुस्तकं निघू लागली, तिकडे १८२० च्याच दशकात मास्तर शिकवून तयार करून जिल्ह्यांच्या गावी पाठवायला सुरुवात झाली. छापील पुस्तक हे त्या काळाचं नवं तंत्र होतं. पंतोजींचा रोजचा हात मोडीचा, छापील पुस्तकं बरीचशी बाळबोधात. पंतोजींचं सगळं शिकवणं पाठांतरावर, आणि आता हातात असं पुस्तक आलं जे प्रत्येक मुलाकडे एकसारखं असणार. मास्तरांचं काम त्या एका वस्तूने बदललं. गंमत म्हणजे या नव्या मास्तरांना जी पद्धत शिकवली गेली ती लँकेस्टरची. आपल्याच शाळांतून गेलेली वाळू जहाजाने विलायतेला जाऊन, तिकडचा शिक्का मारून परत आली. आयटीत असं रोज होतं, पण ते पुन्हा कधीतरी.

पुढे १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, 'नॉर्मल क्लास'. त्याचे प्रमुख होते बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, दर वर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिनी त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण मास्तरांचे मास्तर म्हणून त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. १८४६ साली ते गेले, त्या कामाला त्यांना जेमतेम वर्ष मिळालं. त्याच सुमारास सावित्रीबाई फुले शिकाऊ शिक्षिका होत्या. घरी जोतीरावांकडे शिकून झाल्यावर अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचं शिक्षण घेतलं, आणि १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत उभ्या राहिल्या. त्यांच्यावर झालेली शेणफेक सगळ्यांना पाठ आहे. त्या आधी रीतसर शिक्षकाचं शिक्षण घेऊन आल्या होत्या, ही गोष्ट भाषणांत सुटून जाते. मला ती महत्त्वाची वाटते. नुसत्या धैर्यावर वर्ग चालत नाही.

आता शंभर वर्षांची उडी मारतो, कारण मधल्या काळात साधन फारसं बदललं नाही: पाटी, फळा, नकाशा, पुस्तक. बदल आला तो बालशाळेत. मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्ध संपेपर्यंत इथेच राहिल्या, त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. त्यांची लाकडी साधनं फार सुंदर, आणि महाग. ताराबाई मोडक त्याआधीपासून गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला हे काम करत होत्या. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तोवर पुण्यात शिक्षिका होत्या, खेड्यातलं बालशिक्षण त्या ताराबाईंच्या हाताखाली शिकल्या. दोघींनी साधनांचा अर्थ ठेवला आणि सामान बदललं. मोजायला चिंचोके आणि बिया, रंगरूप ओळखायला शिंपले, पानं, फुलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली, तिचं नाव 'कुरणशाळा'. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द त्या कामातून आला. आयात केलेलं साधन आपल्या मातीत कसं बसवायचं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि हे जमलं, कारण त्या दोघींना साधनाच्या मागचा विचार पक्का ठाऊक होता. ज्याला विचार ठाऊक नाही तो साधनाला चिकटून बसतो.

मग टीव्ही आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला. 'साइट' हे त्या प्रयोगाचं नाव. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण आपल्या सीमेला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते, कार्यक्रम कन्नडमध्ये. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या प्रयोगाचा जो भाग मला सगळ्यात शहाणा वाटतो त्याची चर्चा कमी होते: त्याच उपग्रहावरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. दोन खेपांत मिळून सुमारे ५० हजार शिक्षक. फक्त टीव्हीसमोर बसवलं नाही. टीव्हीवर पाठ, रेडिओवर चर्चा, हातात छापील टिपण, आणि केंद्रावर हजर असलेला मार्गदर्शक, जो सगळ्यांकडून प्रयोग प्रत्यक्ष करून घ्यायचा. १९७५ साली! आज आम्ही याला मिश्र शिक्षण म्हणतो आणि वेगळं बिल लावतो.

महाराष्ट्रात टीव्हीचा तो वारसा १९८४ साली पुण्यात आला, 'बालचित्रवाणी'. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांच्या कानात ते नाव अजून वाजत असेल. त्या संस्थेने मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवले, चांगले बनवले. पण अनेक शाळांत टीव्ही होता, वर्गात त्या तासाला काय करायचं ते शिक्षकाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कार्यक्रमाची वेळ एक, शाळेच्या वेळापत्रकातला तास भलताच. टीव्ही हेडमास्तरांच्या खोलीत, झालर लावलेल्या कापडाखाली. २०१७ साली ती संस्था बंद झाली.

याच काळातली एक गोष्ट तुमच्या घरातल्या बी.एड.वाल्यांना विचारा, त्या लगेच हसतील: सूक्ष्म अध्यापन. हे निघालं १९६३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात, ड्वाइट ॲलन यांच्याकडे. कल्पना अशी की छात्राध्यापकाने पूर्ण तास घ्यायचाच नाही. पाच-सहा मिनिटांचा तुकडा, समोर मोजकी मुलं, आणि एका वेळी एकच कौशल्य. व्हिडिओवर चित्रण करायचं, स्वतःला बघायचं, सुधारायचं आणि तोच तुकडा पुन्हा घ्यायचा. शिक्षक होताना स्वतःला शिकवताना पाहणं ही तोपर्यंत कुणालाच न मिळालेली गोष्ट होती.

भारतात ही पद्धत आली, पण कॅमेरा आला नाही. मग आपल्या लोकांनी वेळापत्रक बसवलं: सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनराध्यापन, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. मुलांच्या जागी वर्गातल्या मैत्रिणी, कॅमेऱ्याच्या जागी निरीक्षण तक्ता. आज प्रश्न कौशल्य, उद्या फलक लेखन, परवा प्रबलन, आणि ते प्रसिद्ध 'चेतक बदल'. तीस वर्षांची बाई पाचवीतली मुलगी होऊन "बाई, मला सांगू?" म्हणते, आणि सगळ्या खुसखुसतात. त्याची चेष्टा भरपूर झाली. पण मी हे वाचलं तेव्हा थबकलो. लहान तुकडा करून बघा, लगेच प्रतिक्रिया घ्या, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. आमच्या क्षेत्रात याच गोष्टीच्या नावाने आज सर्टिफिकेशन विकतात. डी.एड., बी.एड. कॉलेजांत ती चाळीस-पन्नास वर्षं विनाबोभाट चालू आहे. आणि कॅमेरा? तो तर आता प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. तुमची मुलगी बी.एड. करत असेल तर तिला एवढंच सुचवा: सहा मिनिटांचा पाठ फोनवर रेकॉर्ड कर आणि एकटीने बघ. फार अवघड वाटतं पहिल्यांदा. माझ्या बायकोच्या दोन मैत्रिणींनी केलं, एकीला कळलं की ती फळ्याशी बोलते, दुसरीला कळलं की प्रश्न विचारल्यावर ती दोन सेकंदही थांबत नाही.

आता आपल्या या देशाकडे. दुबईत देऱ्यातली अल अहमदिया शाळा तुम्ही पाहुण्यांना दाखवली असेल. १९१२ साली मोत्यांचे व्यापारी अहमद बिन दलमूक यांनी ती काढली, आज तिथे संग्रहालय आहे. आधुनिक वर्गांची शाळा आली ती १९५३ साली, शारजात. शिक्षक आणि पुस्तकं तेव्हा कुवेत, इजिप्त अशा बाहेरच्या देशांतून येत. आपली, म्हणजे भारतीयांची, इंडियन हायस्कूल १९६१ ची. देश स्थापन होण्याच्या दहा वर्षं आधीची.

इतक्या उशिरा सुरुवात केलेल्या देशाने साधनांच्या बाबतीत मात्र उशीर केला नाही. एप्रिल २०१२ मध्ये शेख मोहम्मद बिन राशिद यांच्या नावाने स्मार्ट लर्निंगचा कार्यक्रम जाहीर झाला: सरकारी शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याला टॅबलेट, पाच वर्षं, एक अब्ज दिरहम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिन्ही सरकारी उच्चशिक्षण संस्थांच्या पायाभरणी वर्गांत आयपॅड आले. त्यांपैकी हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिक्षक होऊ घातलेल्या अमिराती मुलीही शिकतात. म्हणजे ज्या साधनावर आपण उद्या शिकवणार, त्याच साधनावर आज आपण विद्यार्थी म्हणून शिकायचं. यात एक मोठा फायदा आहे. टॅबलेटवर शिकताना कंटाळा कुठे येतो आणि लक्ष कुठे उडतं, हे त्या मुलीला आतून कळतं.

आणि मग मार्च २०२०. हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही तेव्हा त्याच घरात होता. ८ मार्चपासून शाळा बंद, वसंताची सुट्टी पुढे ओढली, २२ मार्चपासून दूरशिक्षण, आणि ३० तारखेला कळलं की वर्ष असंच संपणार. आपल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची अडचण दुहेरी होती. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं. इतरांच्या शिक्षिका निदान ओळखीची मुलं स्क्रीनवर बघत होत्या. आपल्या शिक्षिकांनी एप्रिलमध्ये जो वर्ग उघडला त्यातलं बरचसं मूल त्यांना नवं होतं. तीस चौकोन, त्यातले निम्मे काळे, आणि नावाच्या जागी बाबांच्या ऑफिसचा लॅपटॉप असल्यामुळे बाबांचं नाव.

सरकारने काही गोष्टी झटपट केल्या. एरवी इथे इंटरनेट कॉलवर निर्बंध आहेत. टीम्स, झूम अशांना तात्पुरती मोकळीक मिळाली. ज्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना फोनवर मोफत डेटा मिळाला. हमदान बिन मोहम्मद स्मार्ट युनिव्हर्सिटीने '२४ तासांत ऑनलाइन शिक्षक व्हा' असा मोफत कोर्स काढला. चोवीस तासांत! पण नसण्यापेक्षा असलेलं बरं, आणि तो कोर्स रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पूर्ण करणाऱ्या मराठी बायका मला माहीत आहेत. त्या वर्षी या शहरांतली प्रत्येक शिक्षिका, वीस वर्षं शिकवलेलीसुद्धा, पुन्हा छात्राध्यापिका झाली. फरक एवढाच की प्रत्याभरण द्यायला मागच्या बाकावर सर बसलेले नव्हते. मागे सोफ्यावर मुलाचे आईवडील होते, म्हणजे आपण. आपल्यापैकी काहींनी ते प्रत्याभरण व्हॉट्सॲप ग्रुपवर दिलं, तेही सगळ्यांना दिसेल असं.

त्याच वर्षाच्या शेवटी, ३ डिसेंबर २०२० ला, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. या पुरस्काराचं आपल्या दुबईशी जवळचं नातं आहे. १९५९ साली केरळहून वर्की नावाचं शिक्षक जोडपं दुबईला आलं, १९६८ साली त्यांनी 'अवर ओन' ही शाळा काढली, आणि त्यांच्या मुलाने, सनी वर्की यांनी, पुढे काढलेल्या फाउंडेशनचा हा पुरस्कार. २०१५ ते २०१९ तो दर वर्षी दुबईत झगमगाटात जाहीर झाला. ज्या वर्षी मराठी मास्तर जिंकले, त्या वर्षी करोनामुळे समारंभ ऑनलाइन झाला आणि घोषणा लंडनहून झाली. दुबईत झाला असता तर ढोल-ताशा पथक नेलं असतं आपण.

डिसल्यांचं मला आवडतं ते त्यांच्या गोष्टीचं पहिलं पान. ते इंजिनिअरिंगला गेले होते, तिथे निभलं नाही, वडील म्हणाले अध्यापक विद्यालयात जा. मनाविरुद्ध गेलेला मुलगा तिथे शिक्षक झाला. २००९ साली परितेवाडीत रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार अशी पडकी होती. पुरस्काराच्या मानपत्रात म्हटलंय की मुलींची हजेरी कधीकधी दोन टक्क्यांवर असायची. मुलांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तक मराठी. त्यांनी आधी काय केलं? भाषा शिकून घेतली. पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांच्या बोलीत आणली. त्यानंतर क्यूआर कोड, म्हणजे पुस्तकातल्या धड्याशेजारी एक चौकोन, फोन धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, सराव मिळतो. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी घेतला, पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठी केंद्राने जाहीर केला. आज तुमच्या मुलाच्या पुस्तकात कोपऱ्यात जो काळापांढरा चौकोन आहे, त्याच्या गोष्टीत परितेवाडी आहे.

बक्षीस दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. नंतर रजा आणि हजेरी यांवरून त्यांचा आणि जिल्हा परिषदेचा जाहीर वाद झाला, तो तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. त्यात मी इथून पडत नाही.

डिसल्यांनी केलेल्या कामाचा क्रम लक्षात घ्या. मुलं कोण आहेत, मग विषय काय आहे, मग साधन. २००६ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी याला एक चौकट दिली. तुमच्या मुलीच्या बी.एड.च्या नोट्समध्ये 'टीपॅक' नावाची तीन एकमेकांत गुंतलेली वर्तुळं असतील, तीच. एक वर्तुळ विषयाच्या ज्ञानाचं, एक शिकवण्याच्या पद्धतीचं, एक तंत्रज्ञानाचं. यातले पुण्य मिश्रा भारतीय, आयआयटी मुंबईत डिझाइन शिकलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तंत्रज्ञान वेगळं शिकवून भागत नाही. अपूर्णांक शिकवताना कोणतं चित्र हलवायचं आणि पेशी शिकवताना कोणतं, हे वेगवेगळं ज्ञान आहे. एमएस ऑफिसचा कोर्स केलेली शिक्षिका आणि अपूर्णांक स्क्रीनवर शिकवू शकणारी शिक्षिका यांत हाच फरक.

भारतात २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात तंत्रज्ञानाचा चिकित्सक विचार असा एक भाग आला, आणि शाळेतला प्रत्यक्ष अनुभव वीस आठवड्यांपर्यंत वाढला. कागदावर हे फार चांगलं आहे. एक वर्ष जास्त घेतं म्हणून बापमंडळी कुरकुरतात, त्यांना मी म्हणेन, ती वीस आठवडे नीट झाली तर दोन वर्षं स्वस्तात पडली. कॉलेज निवडताना फी आणि अंतर विचारता, तसं हेही विचारा की सराव पाठाला वर्गात प्रोजेक्टर असतो का, पाठ बघायला कोण येतं आणि पाठानंतर बोलायला तो माणूस किती वेळ थांबतो.

मे २०२५ मध्ये या देशाने जाहीर केलं की सरकारी शाळांत बालवाडीपासून बारावीपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय येणार, २०२५-२६ च्या वर्षापासून. सीबीएसईने नववीला तो पर्यायी विषय म्हणून २०१९-२० पासूनच आणला आहे. तुमच्या शाळेची पालकसभा होईल तेव्हा पडद्यावर नव्या लॅबचा फोटो येईल, टाळ्या पडतील. तेव्हा हात वर करा आणि विचारा, हा विषय शिकवणाऱ्या टीचरना या वर्षी शिकण्यासाठी किती दिवस दिले, आणि ते दिवस शाळेच्या वेळेत होते की त्यांच्या शनिवार-रविवारचे?

आणि तुमच्यापैकी जे सुट्टीच्या दिवशी मराठीचे वर्ग चालवतात, त्यांना एक विनंती. तुमच्यातल्या कुणाच्या माळ्यावर किंवा गावाकडच्या ट्रंकेत बालचित्रवाणीच्या काळातलं पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापनाची वही, हाताने रंगवलेले तक्ते असतील तर त्यांचे फोटो आम्हाला पाठवा. पुढच्या एका भागात ते घेऊन बसू, आणि मी दोन बी.एड. झालेल्या ताईंना स्टुडिओत 'चेतक बदल' करून दाखवायला तयार केलं आहे. त्या अजून "बघू" म्हणतायत.